कच्च्या आहाराचा हिशोब ठेवायचा का?

भाऊ, ठेव, पण जन्मभर नको. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे जे खाशील ते वजनासकट वहीत लिही. आपल्या रावेर-यावलकडे केळी मुबलक, म्हणून नवीन माणूस दिवस केळ्यांवरच काढतो. पोट भरतं, पण दहा केळ्यांत प्रथिनं जेमतेम १२-१३ ग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ५० च्या आसपास लागतात. ३० ग्रॅम शेंगदाणे भिजवून खाल्ले तर ७ ग्रॅम मिळतात, वर मोडाचे मूग-मटकी. हे आकडे एकदा नजरेखालून गेले की ताट आपोआप बदलतं. मग वही बाजूला. वजन घसरलं किंवा थकवा वाटला तर पुन्हा काढ. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टीचं बोलावणं आलं तर जा बाबा, त्या दिवसाचे ग्रॅम कसले मोजतोस!

बी-१२ जीवनसत्त्वाचं मात्र वहीत लिहून भागत नाही. ताटात दूधदुभतं नसेल तर ते जवळजवळ शून्यच, मग रोज शून्य काय लिहायचं? डॉक्टरांना विचारून गोळी सुरू कर, अधूनमधून रक्त तपासून घे. हिमोग्लोबिनही त्यातच बघ.

आणि हो, राजमा मोड आणूनसुद्धा कच्चा खाऊ नकोस. उलट्या-जुलाबांनी आडवा होशील.