नवीन गाडीचं इंजिन ऑइल 1,000 किलोमीटरलाच बदलावं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: 1.2 लिटरची नवी पेट्रोल हॅचबॅक, किलोमीटरचा काटा 1,100 वर. शोरूमवाले म्हणतात ऑइल थेट 10,000 किलोमीटरला किंवा वर्षाला. सासरे म्हणतात, पहिल्या हजाराला काढलंच पाहिजे, त्यात लोखंडाचा कीस असतो. आणि शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की घर ते ऑफिस साडेतीन किलोमीटर आहे. माझ्या मते सगळ्या प्रश्नात कामाचं वाक्य तेच. पण त्याकडे नंतर येतो.

सरळ उत्तर: हजाराला बदलायची गरज नाही. बदललंत तर इंजिनाचं बिघडत काही नाही, बदलणाऱ्याने नीट बदललं तर. आणि 10,000 ची वाट मात्र तुम्ही बघू नका.

सासऱ्यांचं म्हणणं उगाच नाहीये. मी भोसरीच्या एका कारखान्यात अकरा वर्षं सिलिंडर ब्लॉकच्या होनिंगवर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत घासून तयार करण्याच्या कामावर काढली, त्यामुळे तो 'कीस' कुठून येतो हे माझ्या हाताखालून गेलेलं आहे. सिलिंडरची आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत नसते, ठेवतच नाहीत. तिच्यावर तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा मारतात, जाळीसारख्या. त्या खाचांत ऑइल धरून राहतं. पण रेघ मारली की तिच्या दोन्ही कडांना टोकं उभी राहतात, नांगरटीनंतर ढेकळं राहतात तशी. पूर्वी ती टोकं गिऱ्हाइकाने मोडायची. म्हणजे तुम्ही गाडी पहिले हजार-दोन हजार किलोमीटर हळू चालवायची, पिस्टनच्या रिंगा ती टोकं घासून काढणार, रिंगा बसणार, आणि तो सगळा चुरा चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यातल्या ऑइलमध्ये उतरणार. फियाट-अँबॅसिडरच्या जमान्यात तो चुरा लवकर बाहेर काढणं हा शहाणपणाच होता.

आता ती टोकं कारखान्यातच मोडतात. त्याला प्लॅटो होनिंग म्हणतात. आधी जाड दाण्याच्या स्टिकने, म्हणजे घासायच्या दगडी पट्टीने खोल रेघा, मग शेवटच्या फेरीत अगदी बारीक दाण्याने फक्त वरची टोकं उडवायची, खाचा तशाच ठेवायच्या. ड्रॉइंगवर त्याचा वेगळा आकडा असतो, आरपीके, म्हणजे टोकं किती उरली आहेत. तो आकडा वर गेला की आमची लाइन थांबायची आणि सुपरवायझरचा आवाज चढायचा. थोडक्यात, तुमच्या सासऱ्यांच्या गाडीने जे काम रस्त्यावर केलं, त्यातलं बरंचसं तुमच्या गाडीचं भोसरी-चाकणमध्ये किंवा तसल्याच कुठल्या तरी शेडमध्ये आधीच झालेलं आहे.

त्यानंतर धुलाई. आणि धुलाई झाली म्हणून कुणी विश्वास ठेवत नाही, मिलिपोर करतात. पुण्याच्या पट्ट्यात ऑटो पार्टच्या कुठल्याही क्वालिटीवाल्याला हा शब्द विचारा. धुतलेला पार्ट पुन्हा सॉल्व्हंटने खळखळून धुवायचा, ते सॉल्व्हंट एका गोल पांढऱ्या फिल्टर पेपरमधून ओढायचं, पेपर ओव्हनमध्ये सुकवायचा आणि नाजूक काट्यावर तोलायचा. किती मिलिग्रॅम घाण निघाली ते तिथे कळतं. मग तोच पेपर मायक्रोस्कोपखाली, सगळ्यात मोठा कण केवढा ते बघायला. एवढं करूनही इंजिनात थोडा चुरा, गॅस्केटचा थोडा सिलिकॉन, जुळणी करताना बेअरिंगला लावलेलं वंगण उरतंच. मोठे कण ऑइल फिल्टर अडवतो. अगदी बारीक ऑइलबरोबर फिरत राहतात, आणि पहिलं ऑइल निघताना त्यातले बरेचसे निघून जातात. होंडासारखी कंपनी तर सांगते की कारखान्यातून भरून आलेलं ऑइल वेळेआधी काढू नका.

अजून एक गोंधळ मोटरसायकलमुळे होतो. बुलेटची पहिली सर्व्हिस 500 किलोमीटरला, ऑइल बदलतातच. मग कारला 10,000 कसं काय, असं कुणालाही वाटेल. पण बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स सगळे एकाच ऑइलवर जगतात. नवे गिअर एकमेकांवर घासून जो चुरा पडतो आणि क्लच प्लेटचं जे अस्तर झिजतं, ते सगळं त्याच ऑइलमध्ये. कारच्या गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं, क्लचही इंजिन ऑइलच्या बाहेर. दुचाकीचा नियम चारचाकीला लागत नाही.

एवढं सगळं माहीत असून मी स्वतः काय केलं? माझी गाडी 2019 मध्ये घेतली आणि बरोबर 1,050 ला ऑइल काढलं. राहवलं नाही. निघालेलं थोडं ऑइल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत घेतलं, उन्हात धरलं, तर आत चमक फिरत होती, रांगोळीत मिसळतात तशी. जीव चरकला. मग बाटलीला बाहेरून लोहचुंबक लावून रात्रभर ठेवली. सकाळी काचेवर काजळाचं बोट लागावं एवढा डाग. बोटांत चोळून पाहिला तर खरखर अजिबात नाही. एवढ्यासाठी मी ऑइल आणि फिल्टरचे पैसे घातले होते.

खरी किंमत नंतर मोजली. ऑइल ओळखीच्या गॅरेजात काढलं होतं. तिथल्या पोराने ऑइल सोडायच्या नटाचा जुनाच वायसर परत घातला, आणि तिथून गळू नये म्हणून तो चेंबरचा नट जीव खाऊन आवळला. चेंबर ॲल्युमिनियमचं. महिन्याभराने पार्किंगच्या फरशीवर रुपयाएवढा काळा ठिपका दिसायला लागला. पुढच्या वेळी नट खोलला तर त्याच्याबरोबर आटेच बाहेर आले. लवकर ऑइल बदलण्यात जो धोका आहे तो हा आहे, इंजिनाचा नाही.

आता तुमचे साडेतीन किलोमीटर. गाडीचा टेंपरेचरचा काटा मधे आला म्हणजे पाणी गरम झालं, ऑइल अजून नाही. ऑइलला त्याहून बराच वेळ लागतो. तुम्ही ऑफिसात पोचून गाडी बंद करता तेव्हा ते कोमटच असतं. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, त्यातलं थोडं न जळता रिंगांच्या बाजूने खाली ऑइलमध्ये उतरतं. शिवाय एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. हे ऐकून माझाही विश्वास बसला नव्हता, पण सकाळी सायलेन्सरमधून थेंब टपकतात ते तेच. बहुतेक वाफ होऊन बाहेर जातं, थोडं इंजिनात राहतं. लांब पल्ला मारला तर ऑइल तापतं आणि हे पेट्रोल-पाणी दोन्ही उडून जातं. तुमच्या गाडीला तो पल्ला मिळतच नाही. पावसाळ्यात एकदा ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघा. ताकावर लोणी आल्यासारखा पांढरट थर दिसला तर समजा, ऑइलमध्ये पाणी साठतंय.

मालकाच्या पुस्तकात मागे कुठेतरी 'कठीण वापर' अशा अर्थाचं एक पान असतं: छोट्या फेऱ्या, ट्रॅफिक, धूळ. सर्व्हिस ॲडव्हायझर ते पान कधी उघडत नाही. बहुतेक पुस्तकांत तिथे ऑइलची मुदत निम्म्यावर आणलेली असते. तुम्ही त्या पानावरचे गिऱ्हाईक आहात. म्हणून माझा सल्ला: पहिलं ऑइल 5,000 किलोमीटर किंवा 6 महिने, जे आधी येईल त्याला बदला. तुमच्या बाबतीत 6 महिनेच आधी येतील. सासऱ्यांना सांगा, तुमचं ऐकून लवकर बदललं. कारण वेगळं आहे हे सांगायची गरज नाही. आणि पंधरा दिवसांतून एकदा तरी तीस-चाळीस किलोमीटरचा सलग फेरा मारून या.

हजाराच्या आसपास ऑइलपेक्षा तुमच्या पायाकडे लक्ष द्या. अजून काही शे किलोमीटर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबू नका, आणि उलट टोकाला जाऊन पाचव्या गिअरमध्ये तीसने रखडवतही नेऊ नका, रिंगांना थोडा दाब लागतो बसायला. एक्सप्रेसवेवर एकाच वेगाने तासभर नेऊ नका, वेग कमीजास्त करत राहा. सकाळी गाडी चालू करून पाच मिनिटं जागेवर तापवत ठेवायची सवय असेल तर ती सोडा, अर्धा मिनिट पुरे.

लवकर बदललं तर वॉरंटी जाईल अशी भीती बाळगू नका. वॉरंटी अडचणीत येते ती ऑइल उशिरा बदललं किंवा भलत्या ग्रेडचं घातलं की. ग्रेड म्हणजे ऑइल किती पातळ-घट्ट त्याचा आकडा: पुस्तकात 0डब्ल्यू-20 लिहिलं असेल तर तेच, किंवा 0डब्ल्यू-16 असेल तर ते. 'हे फार पातळ आहे, आपल्याकडच्या उन्हाला 20डब्ल्यू-50 टाका' म्हणणारा भेटेलच, त्याला नमस्कार करा. बिलावर ग्रेड लिहून घ्या. पहिल्याच सर्व्हिसला कुणी इंजिन फ्लशिंग, म्हणजे इंजिन आतून धुवायचं औषध विकायला लागलं तर नको म्हणा, नव्या इंजिनात फ्लश करण्यासारखं काही नसतं.

दर पंधरवड्याला डिपस्टिक बघत जा, गाडी सपाट जागी आणि बंद करून पाच मिनिटं झाल्यावर. नव्या गाडीत पातळी किंचित खाली गेली तर घाबरू नका. पातळी वर जात असेल आणि वासाला पेट्रोल येत असेल, तर 6 महिन्यांचीही वाट न बघता बदला.

आणि बदलताना लिफ्टखाली स्वतः उभे राहा. चेंबरच्या नटाचा वायसर नवा टाकायला लावा. किरकोळ पैशांची वस्तू आहे, माझ्या फरशीवरचा डाग मात्र अजून निघालेला नाही.