शोभेची ज्वारी मृगात नाही, सप्टेंबरात पेरा

तुम्ही लिहिलंय की पुण्यात अंगणाच्या कडेला मृगाच्या पावसात गावरान ज्वारी टाकली. ती दहा फूट वर गेली, वाऱ्याने आडवी झाली आणि कणसं निघाली ती काळपट. फुलदाणीत ठेवण्यासारखी कणसं घरी होतात का, असा तुमचा प्रश्न आहे. नक्की होतात. मी बरीच वर्षं परसात लावतेय. तुमचं बी वाईट नव्हतं, पेरणीची वेळ चुकली.

गावरान ज्वारी दिवस लहान व्हायला लागले की निसवते, म्हणजे कणीस बाहेर काढते. जूनमध्ये पेरलीत तर तोवर ती नुसतं ताट, म्हणजे खोड, वाढवत बसते. शेवटी कणीस येतं ते परतीच्या पावसात सापडतं आणि दाण्यावर बुरशी चढते. तेच बी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबरच्या दरम्यान टाका. माझ्याकडे तेव्हाची ज्वारी माणसाच्या उंचीला थांबते, आणि कोरड्या थंडीत दाणा मोत्यासारखा स्वच्छ भरतो. सोलापूरकडे मालदांडी ही ज्वारीची जात रब्बीत घेतात ते उगाच नाही.

जागा दिवसभर उन्हाची हवी. सावलीत ताटं बारीक होतात नि लवंडतात. दोन ओळींत दीड फूट अंतर ठेवा. बी बोटाच्या दोन पेरांएवढं खोल आणि मुद्दाम दाट टाका, कारण पहिल्या महिन्यात खोडमाशी येणारच. मधला पोंगा पिवळा पडून वाळतो आणि ओढला की अलगद हातात येतो. अशी रोपं उपटून टाका. तीन आठवड्यांनी विरळणी करून दोन रोपांत वीतभर जागा ठेवा. औषध मारायची मला कधी गरज पडली नाही.

उपटलेली कोवळी रोपं शेजारच्या शेळीला किंवा गाईला मात्र चुकूनही घालू नका. कोवळ्या ज्वारीतून पोटात हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं आणि जनावर दगावू शकतं. कापणीनंतर बुडातून फुटणाऱ्या कोंबांचंही तेच.

गच्चीवर लावायची असेल तर वीस लिटरच्या बादलीत दोनच ताटं ठेवा. शेणखत पुरेसं आहे. युरिया दिलात तर पानं माजतात, खोड मऊ राहतं. ज्वारी पोटरीत असताना, म्हणजे कणीस अजून वरच्या पानाच्या वेष्टनात फुगलेलं असताना, आणि दाणा भरताना पाणी चुकवू नका, एरवी हात आखडता घ्या.

शोभा फक्त कणसात आहे असं मला वाटत नाही. पान जिथे दुखावलं असेल तिथे बघा, गावरान ज्वारीत बहुधा जांभळट लाल डाग उमटलेले दिसतात. खोडावर पांढरी मेणचट भुकटी असते, बोट फिरवलं की खालचा हिरवा रंग चमकतो. आणि फुलोरा सकाळी लवकर उठून बघाच. कणसाच्या शेंड्यापासून पिवळे तुरे लोंबायला लागतात आणि चार-सहा दिवसांत खालपर्यंत उतरतात. उजाडताना परागासाठी मधमाश्यांची नुसती झुंबड असते.

रंग हवा असेल तर लाल दाण्याचं किंवा काळ्या बोंडाचं (दाण्याभोवतीच्या टरफलाचं) गावरान बी आठवडी बाजारात, बीज महोत्सवात शोधा. दुकानातलं रंग लावलेलं बियाणं पेरायला चालतं, खायला नाही. मोकळ्या, झुपकेदार कणसाची ज्वारी फुलदाणीत जास्त खुलते. घट्ट कणसाची तोरणाला बरी.

दाणा चिकात आला, म्हणजे दाबल्यावर दुधासारखा चीक निघू लागला, की चिमण्या आणि पोपट हजर होतात. प्रत्येक कणसाला मलमलची पिशवी बांधा. प्लॅस्टिक नको, आत घाम धरतो. संक्रांतीच्या सुगडात घालायला दोन-चार कणसं हिरवी काढा. फुलदाणीसाठी दाणा नखाने दबेनासा होऊ लागला की दीड-दोन फूट दांड्यासकट कापा. पूर्ण वाळू दिलीत तर घरात दाणे गळतात. चार-चारची जुडी करून सावलीत, वाऱ्याला उलटी टांगा. दोन-तीन आठवड्यांत वाळते. मग जुडी पिशवीत गुंडाळून चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे सोंडकिडा लागत नाही. माझ्या दिवाणखान्यातली कणसं दोन वर्षांची आहेत.

सगळ्यात भरलेलं एक कणीस मात्र कापू नका. ते ताटावरच पिशवीसकट कडक वाळू द्या, पुढच्या सप्टेंबरला बी घरचंच होईल.