तळहाताएवढा संगणक आणि दहावीचे वर्ष

प्रश्न : तासगावजवळ आमची द्राक्षबाग आहे. मुलगा दहावीत आहे. मावसभावाने दिलेल्या जुन्या रास्पबेरी पाय ३ या तळहाताएवढ्या संगणक-बोर्डावर तो सतत काहीतरी करत असतो. बागेतील तापमान आणि आर्द्रता मोजणारी पेटी त्याने मोटारीच्या खोलीत बसवली. ती दर दोन-तीन दिवसांनी बंद पडते. टाकीचे पाणी मोजण्याच्या नादात बोर्डाची एक पिन जळाली. आता त्याला नवा पाय ५ हवा आहे, मोबाईलवरून मोटार सुरू करायची आहे आणि अकरावीऐवजी डिप्लोमाला जायचे आहे. त्याचे वडील म्हणतात, हे सगळे खेळणे आहे. यातून पुढे काही होईल का? — एक आई

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या यजमानांचे म्हणणे मी खोडून काढणार नाही, कारण हा बोर्ड मुळात मुलांनी खेळावे म्हणूनच तयार झाला. केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्राला येणाऱ्या मुलांची संख्या घटते आहे आणि जी येतात त्यांनी घरी संगणकाशी फारशी झटापट केलेली नसते, असे तिथले संगणकतज्ज्ञ एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले. त्यातून २९ फेब्रुवारी २०१२ रोजी पहिला रास्पबेरी पाय ३५ डॉलरना विक्रीस आला. दोनच वर्षांनी त्याच बोर्डाची कारखान्यातील यंत्रांत बसवण्याजोगी आवृत्तीही निघाली. तेव्हा हे खेळणे की अवजार, हे बोर्ड पाहून ठरत नाही. तो बंद पडल्यावर मुलगा काय करतो, ते पाहावे लागते. पत्रात तुम्ही नेमके तेवढेच सांगितलेले नाही.

पेटी बंद का पडते, याचा अंदाज मला तुमच्या एका शब्दावरून आला : मोटारीची खोली. शेतीची वीज पाळीने येते आणि न सांगता जाते. पाय हा पुरता संगणक आहे. त्याची सगळी माहिती एका छोट्या मेमरी कार्डावर असते आणि कार्डावर लिहिणे चालू असतानाच वीज गेली, तर त्यावरील फाइली बिघडू शकतात. मग बोर्ड सुरूच होत नाही. या प्रसंगी मुलगा दर वेळी कार्ड पुसून पुन्हा तेच भरत असेल, तर तो नादात आहे. कार्ड बिघडण्याच्या वेळा आणि वीज जाण्याच्या वेळा त्याने एकदा जरी ताडून पाहिल्या असतील, तर त्याच्यात अभियंत्याची खोड आहे, असे मी म्हणेन. त्याला सहज विचारा. मात्र उलटतपासणी करू नका.

जळालेल्या पिनेचेही तसेच आहे. टाकीचे पाणी मोजायला बहुतेक मुले आवाजाच्या लहरी सोडणारा स्वस्त सेन्सर आणतात. त्याचा नेहमी मिळणारा प्रकार परतीचा संकेत ५ व्होल्टने देतो आणि पायच्या पिना ३.३ व्होल्टपेक्षा जास्त सोसत नाहीत. मध्ये व्होल्टेज उतरवायला रुपया-दोन रुपयांचे दोन रेझिस्टर लावले असते, तर पिन वाचली असती. हे नुकसान मी शिकवणीच्या फीमध्ये धरीन. पण तीच चूक दुसऱ्यांदा झाली, तर धरणार नाही.

पाय ५ आत्ता घेऊ नका. तापमान मोजायला त्याची ताकद लागत नाही आणि तो वीजही अधिक खातो. मोटारीच्या खोलीसाठी त्याला पिको डब्ल्यू हा वायफाय असलेला लहान बोर्ड घेऊन द्या; तो आपल्याकडे काही शे रुपयांत मिळतो. त्यात मेमरी कार्ड आणि संगणकासारखी भारी प्रणाली नसते. वीज परत आली की त्यात भरलेला एकच प्रोग्रॅम आपोआप सुरू होतो. जुना पाय ३ घरात ठेवून त्यावर आकडे साठवता येतील. मात्र बागेपर्यंत वायफाय पोहोचते का, हे मुलाने आधी पाहावे. पिको पॉवर बँकेवर चालवायचा त्याचा बेत असेल, तर एक खुबी सांगून ठेवतो : तो इतकी कमी वीज ओढतो की कित्येक पॉवर बँका आपल्याला काहीच जोडलेले नाही असे समजून बंद होतात.

मोबाईलवरून मोटार सुरू करण्याला मात्र माझा स्पष्ट नकार आहे. थ्री-फेज मोटारीचा स्टार्टर दहावीतल्या मुलाने उघडायचा नाही, वडील शेजारी उभे असले तरी नाही. ते काम परवानाधारक वायरमनचे आहे.

आता डिप्लोमा की अकरावी. दहावीनंतरचा तीन वर्षांचा डिप्लोमा ही मागची वाट आहे, हा समज सोडून द्यावा. ज्याचा हात आधी चालतो आणि डोके हातामागून चालते, अशा मुलाला प्रयोगशाळा लवकर मिळालेली चांगली, आणि डिप्लोमाच्या गुणांवर पुढे अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. अडचण गणिताची असते. डिप्लोमा घेतला म्हणजे गणित सुटले असे समजून आलेली मुले पदवीच्या दुसऱ्या वर्षी अडखळताना मी पुष्कळ पाहिली आहेत. उलट बारावी विज्ञान केले, तर अभियांत्रिकीबरोबर शुद्ध विज्ञान आणि कृषी पदवी हेही पर्याय हाताशी राहतात, आणि तुमच्या घरी हा मुद्दा मी हलका मानणार नाही.

कारण त्याचे मन नेमके कशात आहे, हे अजून तुम्हालाही कळलेले नाही आणि बहुधा त्यालाही नाही. आर्द्रतेचा आकडा कालपेक्षा वेगळा का आला, हे शोधताना तो तारा आणि सेन्सर तपासत बसतो की आलेख काढून प्रोग्रॅम बदलतो? पहिल्यात रमत असेल तर इलेक्ट्रॉनिक्स किंवा इन्स्ट्रुमेंटेशन (मापनयंत्रांची शाखा), दुसऱ्यात रमत असेल तर संगणक शाखा, असा ढोबळ कौल देता येईल. आणि पाऊस उघडल्यानंतर किती तास पान ओले राहिले म्हणजे द्राक्षावर डावणी रोग येतो, हे तो वडिलांना विचारू लागला, तर त्याला कृषी महाविद्यालय दाखवून आणा. नोकरीच्या दृष्टीने एवढे लक्षात ठेवावे की उत्पादनांत बसवलेल्या छोट्या नियंत्रक चिपांचे प्रोग्रॅम बहुतांशी सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिले जातात. मुले आधी शिकतात त्या नुसत्या पायथन भाषेवर आणि तयार उदाहरणांच्या नकलेवर तिथे निभाव लागत नाही.

परीक्षेपर्यंत नवी जोडणी बंद ठेवावी, पण चालू पेटी काढायला लावू नका. त्याला एक दोनशे पानी वही द्या. त्यात रोज एक ओळ त्याने लिहावी : पहाटेचा पेटीतील आर्द्रतेचा आकडा, आणि त्याच वेळी त्याच्या वडिलांनी पानावर हात फिरवून सांगितलेले दव, आहे की नाही. याला पाच मिनिटे लागतात. सेन्सर भिजल्यावर आकडा शंभरापाशी अडकून बसतो, हे त्याला त्या वहीतच दिसेल, आणि वडिलांनाही मुलाच्या पेटीत लक्ष घालायला निमित्त मिळेल. दहावीचा निकाल लागला की गुणपत्रिकेबरोबर ती वहीही मला पाठवा. मग शाखेविषयी बोलू.