बीस्पोक सूट, स्वतःची कला आणि शिकवणं: तिन्ही एका करिअरमध्ये जमतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फॅशन डिझाइनच्या पदवीचं शेवटचं वर्ष चालू आहे, पुरुषांचे बीस्पोक सूट करायचे आहेत, चित्रकला सोडवत नाही आणि पुढे कधीतरी शिकवायचंही आहे. हे सगळं जमतं का, की एकच काहीतरी धरावं लागतं? आणि सुरुवात कुठून करायची?

जमतं. मी तिन्ही करते आणि त्यातलं एकही सोडायची माझी तयारी नाही. पण तिन्ही एकदम सुरू करता येत नाहीत. आधी शिवणं, मग कापणं, त्यानंतर बाकीचं, असा क्रम मी कुणालाही सांगेन. स्केचबुक काखोटीला मारून थेट स्वतःच्या नावाने काम सुरू करायचा विचार असेल, तर तो काही वर्षं पुढे ढकला.

आधी कामाचं स्वरूप. तयार सूट एका सरासरी शरीरासाठी कापलेला असतो. मेड-टू-मेजरमध्ये आधीच तयार असलेला पॅटर्न, म्हणजे कापड कापायचा कागदी साचा, गिऱ्हाइकाच्या मापाप्रमाणे थोडा वाढवतात किंवा कमी करतात. बीस्पोकमध्ये त्या एका माणसासाठी कोऱ्या कागदावर पॅटर्न आखतात, कच्च्या टाक्यांनी जोडलेला कोट त्याच्या अंगावर चढवतात, उसवतात, दुरुस्त करून पुन्हा जोडतात. लंडनमध्ये बीस्पोक सूटसाठी प्रसिद्ध असलेल्या सॅव्हिल रो या रस्त्यावरच्या शिंप्यांची २००४ साली स्थापन झालेली एक संघटना आहे; तिच्या नियमांत एका सूटला किमान ५० तासांचं हातकाम धरलेलं आहे. प्रत्यक्षात ७०-८० तासही सहज जातात. हा आकडा नीट डोक्यात ठेवा, कारण या धंद्याचं सगळं गणित त्यात आहे. एकट्या माणसाने वर्षभर दुसरं काहीही न करता शिवलं तरी तीसेक सूट होतील. त्यातून फिटिंग, कापडाची निवड, हिशोब, गिऱ्हाइकांशी बोलणं यांचा वेळ वजा करा. म्हणजे एकट्याच्या हाताला मर्यादा आहे. ती ओलांडायची तर शिवणारी माणसं ठेवावी लागतात, आणि त्यांचं काम तपासायचं तर ते स्वतःला यावं लागतं.

शिवणं आधी का, ते लॅपलवरून, म्हणजे कोटाच्या छातीवर बाहेर वळलेल्या पट्टीवरून सांगते. कोटाच्या पुढच्या भागात वरचं कापड आणि अस्तर यांच्या मध्ये कॅनव्हासचा थर असतो, लोकरीचा आणि छातीपाशी घोड्याच्या केसांचा. लॅपलमध्ये हा कॅनव्हास कापडाला शेकडो बारीक तिरक्या टाक्यांनी जोडतात. शिवताना लॅपल टेबलावर सपाट ठेवायचा नसतो. तो डाव्या हाताच्या बोटावर वळवून धरायचा आणि सुईने खालच्या कापडाचे जेमतेम एक-दोन धागे उचलायचे. असं धरल्यामुळे वळणाच्या आतला थर बाहेरच्यापेक्षा किंचित आखूड बसतो, आणि लॅपल आपणहून वळतो. इस्त्रीने दाबून बसवावा लागत नाही. दोरा जरा जास्त ओढला की मागच्या बाजूला खळ्या पडतात. सैल सोडला की लॅपल मऊ पडतो, त्याला जीव राहत नाही. हे हाताला कळलेलं नसेल तर कागदावर तुम्ही लॅपलची रेघ कितीही सुंदर काढा, ती कापडात कशी वागेल याचा अंदाज तुम्हाला येणार नाही. मग तुमचं डिझाइन दुसऱ्याच्या हातात जातं आणि तो जसं जमेल तसं ते करतो.

कोट शिवायला शिकण्यात तीनेक वर्षं जातात, कटरचं, म्हणजे पॅटर्न आखून कापड कापणाऱ्याचं, काम अंगी मुरायला त्याहून जास्त. या काळात कंटाळा येतो, मी नाकारत नाही. काजे करून करून बोटं दुखतात. पण एक गोष्ट मनापासून सांगते, याच काळात ऑल्टरेशनची कामं घ्या. पदवीधरांना ती कमी दर्जाची वाटतात. मला ती या व्यवसायातली सगळ्यात चांगली शाळा वाटते, कारण दुसऱ्या शिंप्यांचे कोट आतून उघडून बघायला मिळतात: कुणी शिलाईच्या आत किती कापड राखून ठेवलंय, कुणी बाही कुठून वळवलीय, कुणी कुठे घाई केलीय.

ब्रिटिश फॅशन डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीनचं उदाहरण तुमच्या प्रश्नाला फार जवळचं आहे. सोळाव्या वर्षी शाळा सोडून तो सॅव्हिल रोवर अँडरसन अँड शेपर्ड या शिंप्यांच्या पेढीत उमेदवारीला लागला, नंतर गीव्ह्‌ज अँड हॉक्समध्ये काम केलं. पुढे सेंट्रल सेंट मार्टिन्स या लंडनच्या कला-फॅशन कॉलेजमध्ये तो गेला तो पॅटर्न कटिंग शिकवायचं काम मागायला. तिथे त्याला विद्यार्थी म्हणूनच घेतलं, आणि १९९२ मध्ये तो एमए झाला. पुढचं त्याचं काम कितीही वादळी असो, जॅकेटचा खांदा बघितला की खाली शिंप्याचा हात दिसतो.

दुसरा मार्ग जोडीचा. टॉमी नटरने १९६९ मध्ये सॅव्हिल रोवर स्वतःचं दुकान काढलं तेव्हा नजर त्याची होती आणि कात्री एडवर्ड सेक्स्टनची. रुंद लॅपल, ठसठशीत खांदे, बारीक कंबर हे सगळं सेक्स्टनने कापून दाखवलं म्हणून उभं राहिलं. असा कटर तुम्हाला मिळाला तर नशीब समजा, पण त्या भरवशावर करिअर आखू नका. (तुम्ही मुलगी असाल आणि 'पुरुषांचे सूट आणि बाई?' हे ऐकून दमला असाल, तर कॅथरिन सार्जंटचं काम बघा. २००९ मध्ये ती सॅव्हिल रोवरची पहिली महिला हेड कटर झाली आणि २०१६ मध्ये त्याच रस्त्यावर तिने स्वतःच्या नावाचं दुकान उघडलं. मलाही हा प्रश्न खूपदा विचारला गेला आहे. पहिलं फिटिंग नीट झालं की तो थांबतो.)

आता फिटिंगबद्दल, कारण माझ्या मते तिन्ही कामांचा धागा तिथे आहे. माणूस आरशासमोर उभा असतो, कोटभर कच्च्या टाक्यांचा पांढरा दोरा, बाह्या नुसत्या अडकवलेल्या. मागून कॉलरच्या खाली एक आडवी वळी दिसते. नवखा हात लगेच कॉलरकडे जातो. कारण बहुधा खांद्यात असतं: पॅटर्नमध्ये धरले त्यापेक्षा खांदे चौकोनी आहेत, कापडाला जायला जागा नाही, म्हणून ते मानेखाली गोळा होतं. उलट मानेपासून मुंढ्याकडे तिरक्या सुरकुत्या उतरत असतील तर खांदे उतरते आहेत. मागची बाजू वर उचलली जाऊन कोट पाठीपासून सुटत असेल तर माणूस पुढे झुकून उभा राहतो आणि पाठीला लांबी कमी पडते. दोन्ही खांदे एकसारखे असलेला माणूस तर क्वचितच भेटतो. यात आणखी एक अडचण अशी की टेप दिसली की माणूस श्वास ओढून छाती काढतो. म्हणून मापं घेऊन झाली की मी टेप गळ्यात टाकते, त्याला त्याच्या कामाबद्दल बोलतं करते आणि तेव्हा तो कसा उभा राहतो ते वहीत टिपते. एक पाय सैल सोडतो का, हनुवटी कुठे असते, डावा हात खिशात जातो का. हे टिपण चार रेघांचं असतं आणि मापांच्या रकान्याइतकंच कामाला येतं.

इथे तुमची चित्रकला उपयोगी पडते. जिवंत मॉडेल समोर ठेवून ज्याने रेखाटनं केली आहेत, त्याला शरीराचा भार कुठे आहे ते चटकन दिसतं. रेखाटन बंद करू नका, शिवणकामाच्या त्या वर्षांत तर अजिबात नाही.

पण कला आणि गिऱ्हाइकाचं काम यांची सरमिसळ मी करत नाही. सूट त्या माणसाचा आहे. त्याला त्यात बसायचं आहे, जेवायचं आहे, मुलाला उचलून घ्यायचं आहे. तुमच्या मनातली कल्पना त्याच्या अंगावर टांगू नका. तिच्यासाठी भिंत आहे, गॅलरी आहे. जोसेफ बॉइस या जर्मन कलाकाराने १९७० मध्ये फेल्टचा (दाबून केलेल्या जाड लोकरी कापडाचा) सूट केला, शंभर प्रतींची आवृत्ती. तो घालण्यापेक्षा भिंतीवर टांगलेला बघायचा. अमेरिकन शिल्पकार चार्ल्स लेड्रे पुरुषांचे कपडे इतके लहान आकारात हाताने शिवतो की बघणाऱ्याला वाकावं लागतं, आणि त्यात शिंपीकामाची एकही पायरी गाळलेली दिसत नाही. माझं स्वतःचं काम उसवलेल्या कोटांतून येतं: घामाने रंग बदललेले कॅनव्हास, खडूच्या खुणा, इतक्या वेळा दुरुस्त केलेले पॅटर्नचे कागद की मूळ रेघ शोधावी लागते. ते वापरण्याआधी मी मालकाची परवानगी घेते आणि नाव काढून टाकते. माणसाचं पोट, कुबड, एक आखूड पाय हे सगळं आपल्याला विश्वासाने दाखवलेलं असतं. त्या विश्वासाला धक्का लागेल असं कुठलंही प्रदर्शन नको.

शिकवण्याने माझं काम सुधारलं, आणि ते केवढं सुधारलं हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. जुने कटर नजरेने रेघ मारतात. त्यांना 'का' विचारलं तर 'अशीच असते' म्हणतात. वर्गात असं चालत नाही. विद्यार्थी विचारतो, बाही इतकीच पुढे का वळवली, आणि तुम्हाला थांबून आपल्याच हाताचं कारण शोधावं लागतं. माझ्या वर्गात टाचणीला हात लावण्याआधी सुरकुती कुठल्या शिलाईतून निघते ते तोंडाने सांगावं लागतं. सुरुवातीला सगळे अवघडतात. मग हळूहळू एकमेकांच्या पाठी वाचायला लागतात, तेव्हा वर्गात एवढा आनंद असतो की मला घरी जावंसं वाटत नाही. अँड्र्यू रामरूप यांच्याबद्दल वाचा: १९७० मध्ये त्रिनिदादहून लंडनला आले, मॉरिस सेडवेल या पेढीत काम करता करता तिचे मालक झाले, आणि २००८ मध्ये सॅव्हिल रो अकॅडमी काढून हेच काम पुढच्या पिढीला शिकवायला लागले. पण आधी त्यांनी अनेक वर्षं कापलं होतं. हाताखालून पुरेसे कोट गेल्याशिवाय शिकवायला लागलात तर पुस्तकातलंच सांगाल, आणि विद्यार्थ्यांना ते लगेच कळतं.

पैशाचं थोडक्यात. सूटला महिने लागतात, म्हणून कापड कापण्याआधी आगाऊ रक्कम घ्या, ओळखीच्या माणसाकडूनही. आठवड्यातले एक-दोन दिवस शिकवणं ही ठरलेली मिळकत असते आणि तिच्यामुळे नको ती ऑर्डर नाकारता येते. पूर्णवेळ प्राध्यापकी घेतलीत तर बैठका आणि तपासणी यांत कात्रीला गंज चढेल, असं मला वाटतं. प्रदर्शनांवर घर चालवायचा हिशोब करू नका. त्यांच्यासाठी वर्षातले काही आठवडे आधीच बाजूला काढून ठेवा, नाहीतर ऑर्डरी ते गिळतात.

या वर्षी काय करायचं? शेवटच्या प्रोजेक्टला सहा पोशाखांच्या कलेक्शनऐवजी एका खऱ्या माणसासाठी एकच कोट करायची परवानगी मागा. तुमच्यापेक्षा वयाने बराच मोठा, जरा वाकलेला माणूस निवडा. प्रत्येक फिटिंगचे पुढून, मागून, बाजूने फोटो काढा आणि काय बदललं ते खाली लिहा. उमेदवारीसाठी जाल तेव्हा पोर्टफोलिओत स्केचेस मागे ठेवा आणि पुढे हे फोटो लावा, त्यातही अस्तर लावण्याआधी आतून काढलेले. कारागीर निवडणारा माणूस त्या पानावर थांबतो.