मिशेल पेव्हर यांच्या लांडग्याच्या मालिकेतलं शेवटचं पुस्तक कोणतं, ‘घोस्ट हंटर’ की ‘वुल्फबेन’? आणि ते थेट वाचलं तर चालेल का?

शेवटचं पुस्तक ‘वुल्फबेन’ (2022), आणि ते थेट वाचू नका. गोंधळ होणं साहजिक आहे. ‘वुल्फ ब्रदर’पासून (2004) सुरू झालेली मालिका ‘घोस्ट हंटर’ला (2009), म्हणजे सहाव्या भागाला, संपली असंच सगळे धरून चालले होते, त्या पुस्तकाला गार्डियनचा बालसाहित्य पुरस्कारही मिळाला. मग 2020 मध्ये ‘वायपर्स डॉटर’ आलं, पुढच्या वर्षी ‘स्किन टेकर’ आणि नववं ‘वुल्फबेन’. मी नऊही वाचली आहेत. ‘वुल्फबेन’मध्ये वसंताच्या तोंडावर बर्फ फुटत असताना लांडगा समुद्रात वाहून जातो, मालिकेचा नायक टोराक आणि त्याची सोबतीण रेन यांच्यापासून तुटतो, आणि त्याच्या मागावर असतो नायगिन. हा नायगिन कोण, त्याचं रेनशी नातं काय, हे सातव्या भागात कळतं. ते माहीत नसेल तर निम्मी भीती वाया जाते. शिवाय काही प्रकरणं लांडग्याच्याच नजरेतून येतात: टोराक म्हणजे ‘उंच बिनशेपट्या’, आग म्हणजे ‘गरम चावणारा लख्ख प्राणी’. ही भाषा पहिल्या पुस्तकापासून अंगवळणी पडली की शेवटची ताटातूट फार लागते.

अगदीच वेळ नसेल, तर निदान एवढं वाचा:
- पहिलं पुस्तक
- सातवं आणि आठवं
- मग ‘वुल्फबेन’

मात्र तुम्हाला फक्त आत्माभक्षकांच्या, म्हणजे मालिकेतल्या दुष्ट मांत्रिकांच्या, कथेचा शेवट हवा असेल, तर सहाव्या भागावर थांबलात तरी गोष्ट अर्धवट राहत नाही.