ताराबाई शिंदे यांच्या आयुष्याची माहिती इतकी कमी असताना त्यांच्यावर मालिका कशी लिहावी आणि तिला निर्माता कसा मिळवावा?

हा प्रश्न वाचून गप्प बसवले नाही, कारण ठाण्यातील आमच्या हौशी नाट्यमंडळाने एकोणिसाव्या शतकातील या लेखिकेवर, ताराबाईंवर, दीर्घांक बसवला तेव्हा नेमक्या याच मुद्द्यावरून माझे आणि दिग्दर्शकांचे वाजले होते.

संहिता माझी होती. बुलढाण्याचे घर, मुलीला शिकवणारे सत्यशोधक विचारांचे वडील बापूजी हरी शिंदे, घरजावई म्हणून आलेला आणि इतिहासात जवळजवळ न उमटलेला नवरा, आणि १८८२ मध्ये पुण्यात छापलेले, बायकांची बाजू मांडणारे ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे एकमेव पुस्तक, एवढ्यावर ती उभी होती. दिग्दर्शकांना त्यात नाट्य दिसेना. प्रेक्षकाला धरायला काहीतरी हवे, असे म्हणत त्यांनी आधी नवऱ्याचा जाच घातला आणि मग जोतीराव फुल्यांना थेट बुलढाण्यात आणून ताराबाईंच्या हाती लेखणी देववली. जोतीरावांनी आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकात या पुस्तकाची बाजू घेतली ती १८८५ मध्ये, जे पुस्तक आधीच छापून निघाले होते त्याची प्रेरणा बाईंना तीन वर्षांनी कशी मिळेल, असे मी विचारले, तर ‘तुम्ही फार पुस्तकी आहात’ असे उत्तर मिळाले.

तालमीत ताराबाईंच्या हाती चक्क सोनेरी टोपणाचे फाउंटन पेन आले. मी घरून टाक आणि दौत नेली. दर दोन ओळींनी टाक बुडवावा लागल्यामुळे नटीच्या वाक्यांना आपोआप थांबे मिळाले आणि स्वगताचे भाषण होईनासे झाले. गती जाते म्हणून दिग्दर्शकांनी दौतही काढली. पुराणांची आणि शास्त्रकारांची खरपूस हजेरी घेणारी ही बाई प्रयोगात पैठणी नेसून, समईपुढे बसून, मुळूमुळू रडत लिहीत होती.

माझ्या मते मालिकेचा कणा सुरतेचा खटला असावा. १८८१ मध्ये विजयालक्ष्मी या विधवेला अर्भकहत्येसाठी फाशीची शिक्षा झाली, पुढे ती सौम्य झाली, पण तेवढ्यात ‘पुणे वैभव’सारख्या पत्राने समस्त बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेतले आणि त्याला उत्तर म्हणून ताराबाईंनी आपले पुस्तक लिहिले. न्यायालय सुरतेत, छापखाना पुण्यात आणि संतापलेली वाचक बुलढाण्यात, यापेक्षा अधिक नाट्य कशाला हवे? संवाद पुस्तकातूनच उचलावेत; भाषा रोखठोक आहे आणि स्वामित्वहक्काचा प्रश्न उरलेला नाही. ताराबाई पुढे का लिहित्या राहिल्या नाहीत, याचे कारण मात्र रचू नये; त्याऐवजी १९७५ मध्ये संशोधक स. गं. मालशे यांनी पुस्तक पुन्हा प्रकाशात आणेपर्यंतचा विसर दाखवावा.

निर्माता मिळवण्याबाबत माझा सल्ला निरुपयोगी ठरेल. रोजची मालिका असेल तर शेजारीपाजारी, नोकरचाकर कल्पावे लागतीलच, हेही मान्य आहे. वडिलांचे श्रेय तर नाकारताच येणार नाही. शिवाय आमच्या प्रयोगात सर्वाधिक टाळ्या जोतीरावांच्या प्रवेशालाच पडल्या, हे सांगणे भाग आहे. तो प्रवेश वगळलेली माझी संहिता कोणाला करायची असल्यास मी आनंदाने देईन. जोतीरावांना आणायचेच असेल तर १८८५ च्या प्रवेशात आणावे, एवढीच अट.