पायाची बोटं बधिर होतात, नस दबली असेल का? घरी काय करता येईल?

आधी कोणतं बोट ते बघा, त्यावरून बराच अंदाज येतो. अंगठा आणि पावलाची वरची बाजू बधिर असेल, तर कमरेतली एल५ नस किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जाणारी नस दबलेली असू शकते. ही दुसरी नस तिथे अगदी कातडीखाली असते, त्यामुळे पायावर पाय टाकून बसायची सवयही पुरते! करंगळी आणि पावलाची बाहेरची कड बधिर असेल तर एस१, म्हणजे मणक्यातून एल५च्या खालोखाल निघणारी नस. तिसऱ्या-चौथ्या बोटाच्या मध्ये जळजळ, बुटात खडा अडकल्यासारखं वाटणं, हे बहुतेक अरुंद बुटांमुळे.

घरी करायचं म्हणजे मुख्यतः दाब काढायचा. पुढून रुंद बूट, सैल लेस, उंच टाचा बंद, मांडी घालून तासन्‌तास बसणं बंद, दर अर्ध्या तासाने उठून चार पावलं. पूर्ण झोपून राहू नका, हलकं चालणं बरं. बधिर पाय गरम पाण्यात बुडवू नका. चटका बसला तरी कळत नाही.

दोन्ही पायांना सारखाच बधिरपणा असेल तर नस दबण्यापेक्षा मधुमेह किंवा बी१२ जीवनसत्त्वाची कमतरता जास्त संभवते. रक्त तपासा, नुसतं मालिश करत बसू नका.

पाऊल उचलता येत नसेल, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. एरवी दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा.